नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात माउंटन बाइक नेताना

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात माउंटन बाइक घेऊन जायचं ठरलं की बहुतेक जण आधी हवामान बघतात, मग नकाशा. मी म्हणेन, आधी बागेत सध्या काय चाललं आहे ते विचारा. छाटणी, फवारणी आणि तोडणी यांचा हंगाम कळला की बाकीची बरीच उत्तरं त्यातूनच मिळतात. कोणत्या वाटा मोकळ्या असतील, ट्रॅक्टरची वर्दळ कुठे असेल, हवेत औषध कुठे तरंगत असेल आणि शेतकऱ्याला तुमच्याशी बोलायला सवड कधी असेल, हे सगळं ऋतूपेक्षा बाग जास्त नेमकं सांगते.

हा भाग सायकलीसाठी किती भाग्याचा आहे, हे नाशिकच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर. पश्चिमेला त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी जवळपास 1,300 मीटर उंच, तिथे गोदावरीचा उगम. या दोन टोकांच्या मध्ये 25-30 किलोमीटरच्या पट्ट्यात धरणांचं पाणी, मुरमाड टेकड्या, सागाचं रान आणि द्राक्षाचे मळे एकमेकांत मिसळलेले आहेत. एकाच सकाळी या सगळ्या भूभागांतून चाक फिरवता येईल असा प्रदेश महाराष्ट्रात दुसरा शोधावा लागेल. सायकलीचं वेडही इथलं जुनं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही निघते. त्यामुळे हेल्मेट घातलेला माणूस पाहून गावात कुणी दचकत नाही. आपण कुठून जातो, याकडे मात्र सगळ्यांचं लक्ष असतं.

बागेचं वर्ष

इथली वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता, सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर फळ धरतं आणि जानेवारी ते मार्च तोडणी चालते. सायकलस्वाराच्या दृष्टीने या वर्षाचे तुकडे असे पडतात.

गोडी छाटणीचे आठवडे हवेच्या दृष्टीने सुंदर असतात, पण बागेलगत जपून जावं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटलेल्या काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन त्वचेला आणि श्वासाला घातक आहे. ते अंगात गेल्यावर मद्य घेतलं तर चेहरा लाल होणं, छाती धडधडणं, रक्तदाब उतरणं असे त्रास होतात. वाईनच्या भागात फिरणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. काड्यांना औषध लावणारी माणसं दिसली तर त्या बागेपासून दूरची वाट धरा, आणि औषधाचा शिंतोडा अंगावर आला असेल तर धुऊन टाका आणि पुढचे काही दिवस वाईन किंवा कोणतंही मद्य घेऊ नका.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने फवारणीचे. भुरी आणि डावणी हे वेलीचे रोग इथल्या बागायतदाराचे कायमचे शत्रू. ढगाळ हवा, सकाळचं दव किंवा अवकाळी पाऊस आला की ट्रॅक्टरमागचे ब्लोअर एकामागून एक बाहेर पडतात. वारा कमी असतो म्हणून फवारणी पहाटे किंवा संध्याकाळी होते, आणि आपल्यालाही सायकलीला हीच वेळ आवडते. ब्लोअरचा आवाज आला की वाऱ्याची दिशा बघा, वारा जिकडून येतो त्या अंगाला थांबा, ट्रॅक्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाला वळला की निघा. पानांवर निळसर डाग दिसतात ते मोरचुदाच्या बोर्डो मिश्रणाचे. न धुतलेलं द्राक्ष तोंडात टाकू नका, मालकाने स्वतः हातावर ठेवलं तरी आधी धुवा.

माझी पसंती डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य या काळाला. माती घट्ट झालेली असते, आकाश स्वच्छ असतं, घड मण्यांनी भरलेले असतात. थंडी मात्र हलकी समजू नका. निफाडकडे पारा एक आकडी उतरतो आणि कडाक्याच्या रात्री शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून मणी वाचवायची धडपड करतात. पहाटे हातमोजे पूर्ण बोटांचे हवेत, नाहीतर ब्रेकवरची बोटं बधिर होतात आणि उतारावर ते धोक्याचं ठरतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून तोडणी भरात येते. क्रेट भरलेल्या पिकअप अरुंद रस्त्यांवरून भरधाव जातात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या गाड्या पहाटे आणि अंधार पडताना धावतात. तेव्हा डांबरी रस्त्यावर कमी आणि पाणंदीवर, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेवर, जास्त राहावं. एप्रिल-मे सोडून द्या. पारा चाळिशीकडे जातो आणि काळ्या मातीला पडलेल्या भेगांमध्ये पुढचं चाक सरळ अडकतं.

वाट कुणाची

नकाशाच्या ॲपमध्ये हिरव्या पट्ट्यातून एक बारीक रेघ जाताना दिसते आणि नवखा माणूस तिला वाट समजतो. ती रेघ पाणंद असू शकते, शिवरस्ता असू शकतो, पाटाच्या कडेचा रस्ता असू शकतो किंवा दोन शेतांमधला नुसता बांधही असू शकतो. यातला फरक कळल्याशिवाय या भागात फिरू नये, असं माझं ठाम मत आहे. पाणंद आणि शिवरस्ता गावाच्या वहिवाटीचे असतात, बैलगाडी आणि ट्रॅक्टर जातात, तिथे सायकलीला सहसा कुणाची हरकत नसते. पाटाकडेचा रस्ता जलसंपदा विभागाचा. दिंडोरीकडच्या वाघाड धरणासारख्या प्रकल्पावर पाण्याचं वाटप शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था करतात, म्हणून तिथे पाटकऱ्याला विचारून पुढे जाणं उत्तम. बांध मात्र खासगीच समजा. ओल्या बांधावरून चाक गेलं की तो खचतो, आणि बांधावरून या भागात पिढ्यानपिढ्या भांडणं झालेली आहेत.

बागेच्या ओळींमधून सायकल नेण्याचा मोह फार होतो, कारण ओळी सरळ, सावलीच्या आणि मोकळ्या दिसतात. परवानगीशिवाय आत शिरू नका. परवानगी मागण्यामागे फक्त सभ्यता नाही, सबळ कारणं आहेत. निर्यातीच्या बागेची अपेडा या केंद्रीय निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट प्रणालीवर नोंद असते आणि माल परदेशी जाण्याआधी औषधांच्या अंशांसाठी नमुने तपासले जातात. अशा बागेत अनोळखी माणसाची ये-जा मालकाला परवडत नाही. शिवाय जमिनीवर ठिबकच्या नळ्या असतात. चाकाखाली एक नळी फुटली तर ते लक्षात येईपर्यंत त्या ओळीतल्या कितीतरी वेली तहानलेल्या राहतात. आणि सगळ्यात मोठा धोका तुम्हालाच आहे. मांडवाच्या शेवटच्या खांबाला ताण देणारी तार तिरकी जमिनीत गाडलेली असते. ती छातीच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर येते, सकाळच्या उन्हात अजिबात दिसत नाही. ओळीच्या टोकाला वेगाने वळू नका, किंबहुना बागेत परवानगी मिळाली तरी सायकलीवरून उतरून ती हाताने ढकलतच न्या.

विचारायचं कसं, हेही सांगतो. सायकलीवरून उतरा, हेल्मेट आणि चष्मा काढा, मग बोला. "भाऊ, ही वाट पुढं गिरणाऱ्याला निघते का?" एवढा एक प्रश्न पुरतो. समोरचा माणूस वाट सांगेल, पुढच्या वस्तीवर कुत्रं सोडलेलं आहे का तेही सांगेल, आणि हंगाम चांगला असेल तर चहाही पाजेल. मळ्यातल्या वस्तीवर घरात बाईमाणूस एकटं असेल तर अंगणाबाहेरूनच "ताई, पाणी मिळेल का?" म्हणून आवाज द्या. कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा.

वेलींविषयी एक गोष्ट ठाऊक असली तर बोलणं सोपं जातं. रस्त्यावरून दिसणारी बहुतेक बाग थॉमसनसारख्या खाण्याच्या द्राक्षाची असते. तिचा मांडव डोक्यावर पसरलेला असतो. वाईनची द्राक्षं, शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यों ब्लाँ, शिराज वगैरे, बहुधा उभ्या तारांवर बांधतात आणि त्यांचे मणी लहान, बियांचे, दाट घडाचे असतात. वाईनला चालना देणारं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 मध्ये आलं आणि विंचूरला वाईन पार्क झालं, तरी इथला बागायतदार मुख्यतः खाण्याच्या द्राक्षावरच जगतो. सगळ्या बागा वाईनच्या समजून गप्पा मारायला लागलात तर तो फक्त हसेल.

काटे, चिखल आणि मुरूम

सायकल कोणती, या प्रश्नावर लोक फार वेळ घालवतात. पुढे 100 ते 120 मिलिमीटरचा सस्पेन्शन फोर्क असलेली साधी हार्डटेल इथे पुरते. मागच्या सस्पेन्शनची गरज अशा वाटांवर क्वचितच पडते. खर्च करायचाच असेल तर तो टायरवर करा.

कारण इथला खरा विरोधक काटा आहे. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या टाकतात आणि त्यांचे काटे वर्षभर पाणंदीवर पसरलेले असतात. पावसाळ्यानंतर सराट्यांची भर पडते. साध्या ट्यूबवर निघालात तर सकाळ पंक्चर काढण्यातच जाईल. टायर ट्यूबलेस करून घ्या आणि 29 इंची टायरमध्ये प्रत्येकी 90 ते 120 मिलिलिटर सीलंट घाला. नाशिकच्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं. वाटेत बारीक काटा रुतलेला दिसला आणि हवा जात नसेल तर तो तसाच राहू द्या, घरी जाऊन काढा. काढावाच लागला तर भोक खाली येईल असं चाक फिरवून थोडा वेळ थांबा, म्हणजे सीलंट तिथे पोचतं. तरीही एक ट्यूब, प्लग, पंप आणि टायर लिव्हर बरोबर हवेतच. रुंदी 2.2 ते 2.35 इंच ठेवा. 70 किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये 22 ते 26 पीएसआय हवा पुरते. जड माणसाने थोडी वाढवावी.

दुसरा विरोधक काळी माती. नदीच्या जवळच्या सखल भागात ती खोल आहे. जोराचा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन पडेपर्यंत तिथे जाऊ नका. चाकाला चिकटलेली माती फ्रेम आणि टायरमध्ये घट्ट बसते, चाक फिरेनासं होतं, आणि तरीही जोर लावला तर मागचा डिरेल्युअर हँगर वाकतो किंवा तुटतो. हँगर प्रत्येक सायकलीला वेगळा लागतो आणि गावात मिळत नाही, म्हणून आपल्या सायकलीचा एक जादा जवळ ठेवा. अडकलातच तर लाकडाच्या काडीने माती खरवडा आणि सायकल खांद्यावर घेऊन मुरमापर्यंत या. छाटणीनंतर रस्त्याच्या कडेला टाकलेल्या काड्याही हेच नुकसान करतात. त्यावरून जाताना पॅडल मारणं थांबवा.

टेकडीच्या अंगाला मुरूम आणि सुटे गोटे लागतात. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नको. दोन्ही पॅडल सारख्या उंचीवर, वजन थोडं मागे, कोपरं सैल, आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता आठ-दहा मीटर पुढे. ट्रॅक्टरच्या चाकोरीत शिरलात तर त्याच चाकोरीत राहा. बाहेर यायचंच असेल तर वेग कमी करून, पुढचं चाक हलकं उचलून, आडव्या कोनात बाहेर या. कडेला घासत वर यायला गेलात तर पुढचं चाक निसटतं.

कुठून कुठे

पहिल्यांदा येणाऱ्याने गंगापूर रोडवरून सोमेश्वर मागे टाकत गंगापूर धरणाच्या दिशेने निघावं. सुला, यॉर्क वगैरे वायनरी याच बाजूला आहेत. धरणाच्या पाण्याच्या मागच्या अंगाने गिरणारे, तिथून धोंडेगावकडे आणि कश्यपी धरणापर्यंत. नाशिकपासून कश्यपी साधारण 20-25 किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन अर्धा दिवस. गिरणाऱ्याला हंगामात टोमॅटोचा बाजार भरतो, तेव्हा गाड्यांची गर्दी असते. तिथून पुढे वाघेरा घाटाकडे वळलात की बागा मागे पडतात आणि साग, ऐन, करवंदाची जाळी सुरू होते. चढ दमवणारा आहे. पहिल्याच दिवशी हर्सूलपर्यंतचं ध्येय ठेवू नका.

दुसरी वाट म्हसरूळहून रामशेजच्या पायथ्याच्या आशेवाडीची, नाशिकपासून साधारण 15 किलोमीटर. संभाजी महाराजांच्या काळात मुघलांच्या वेढ्याला वर्षानुवर्षं दाद न देणारा तो हाच किल्ला. शेजारी बोरगडचं राखीव संवर्धन क्षेत्र आहे आणि वर हवाई दलाचं ठाणं. माथ्याकडे सायकल वळवू नका. फोटोचा मोहही तिथे आवरावा. रामशेजच्या पायथ्याहून दिंडोरीकडे उतरलात की वाघाड, करंजवणच्या पाण्यावर वाढलेला बागांचा मोठा प्रदेश लागतो.

इगतपुरी तालुक्यातलं मुकणे धरण आणि सांजेगावचा परिसर मला व्यक्तिशः सगळ्यात आवडतो. तिथेही वायनरी आहेत, पण वर्दळ कमी. सह्याद्रीच्या कण्याजवळ असल्याने पाऊस प्रचंड, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मातीची ओल सरताना जावं. डोंगर हिरवे असतात आणि पाणी काठोकाठ.

चढ नको असलेल्यांनी पूर्वेला निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जावं. गोदावरी आणि कादवा इथे भेटतात. 2020 मध्ये या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा. हे अभयारण्य आहे. सायकल फाटकापाशी लावा, तिकीट काढा, आत पायी फिरा. हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात आणि पाणकाठच्या पायवाटेवर चाकाचा आवाज त्यांना उठवतो.

रान आणि पाणी

वनजमिनीवर शिरण्याआधी त्या परिमंडळाच्या वनपालाला किंवा वनरक्षकाला विचारा. नोटिशीचा फलक दिसत नाही म्हणजे परवानगी आहे, असं समजू नका. अंजनेरीच्या डोंगरावर गिधाडांसाठी संवर्धन क्षेत्र आहे आणि तिथे सेरोपेजिया अंजनेरिका ही जगात इतरत्र क्वचितच आढळणारी फुलझाडाची जात उगवते. कातळावरचं पातळ गवत चाकाखाली उपटलं गेलं की एका पावसात माती वाहून जाते. तिथे सायकल नेऊच नये, पायी जावं. फेब्रुवारीनंतर वाळलेलं गवत पेट घ्यायला ठिणगीची वाट बघत असतं. विडी-सिगारेट, चूल, काही नको.

बिबट्याविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. नाशिक जिल्ह्यात तो रानापेक्षा उसात जास्त राहतो, आणि नदीकाठची द्राक्षं-ऊस यांची सरमिसळ त्याला मानवते. उजाडायच्या आधी आणि दिवस मावळल्यावर उसाच्या फडाजवळून एकट्याने जाऊ नका. घंटा वाजवत, बोलत जा. दिसलाच तर पाठ फिरवून पळू नका, खाली बसू किंवा वाकू नका. सायकल समोर उभी धरा, मोठ्याने आवाज करा, हळूहळू मागे सरा आणि त्याला निघून जायला वाट ठेवा. वन विभागाची मदतवाहिनी 1926 आहे. सर्पदंश झाला तर घड्याळ, अंगठी काढा, तो अवयव हलवू नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, 108 वर रुग्णवाहिका बोलवा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

धरणाच्या पाण्यालगतची जमीन फसवी असते. उन्हाळ्याकडे पाणी ओसरलं की गाळपेर उघडी पडते, वर खपली वाळलेली आणि खाली लोणी. चाक घोट्याइतकं आत जातं. शिवाय तिथे लोकांनी पिकं घेतलेली असतात आणि टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ वाटलं तरी ओलांडू नका. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढून नाशिकच्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागल्याची बातमी आली की नदीकाठच्या वाटा त्या आठवड्यापुरत्या सोडून द्या.

वाईन आणि परतीचा दिवस

क्रम एकच ठेवा. सायकल आधी, वाईन नंतर, आणि वाईननंतर पुन्हा सायकल नाही. उन्हात तीन-चार तास घाम गाळलेल्या शरीरात पाणी कमी असतं, अशा वेळी दोन पेले नेहमीपेक्षा लवकर चढतात आणि तोल जातो. वायनरीत गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पाणी आणि मिठाचं काही घ्या. चव घ्यायची तर घोट तोंडात फिरवून ठेवलेल्या भांड्यात टाकण्याची रीत आहे, तिचा संकोच बाळगू नका. बाटली घ्यायची असेल तर ती गाडीतून न्या, पाठीवरच्या पिशवीत नको. पडलात तर काच थेट मणक्यावर येते. वाटेत प्रत्येकी दोन लिटर पाणी हवं. वस्ती संपली की पश्चिमेकडे दुकानं विरळ होतात. गूळ-शेंगदाणे आणि एक मिरची-भाकर बांधून घेतली तर दुपारपर्यंत भागतं.

मुंबईकडून येणाऱ्यांना सायकल रेल्वेच्या लगेज डब्यातून आणता येते. पार्सल कार्यालयात आधी जाऊन पावती करा, पॅडल काढा, हँडल आडवं वळवून बांधा, डिरेल्युअरच्या बाजूला पुठ्ठा लावा. मुकणेकडे जायचं असेल तर इगतपुरीला, बाकीच्या वाटांसाठी नाशिक रोडला उतरा. जी गाडी घ्याल ती तिथे पुरेसा वेळ थांबते का, हे आधी बघा.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या बागांकडे निघणार असाल तर चाकं आणि बुटांचे तळवे त्याच रात्री धुवा. मुळांना गाठी आणणारी सूत्रकृमी मातीबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात, आणि एकदा शिरल्यावर त्यांना घालवणं बागायतदाराला फार महागात पडतं. जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. बादली आणि मऊ ब्रश पुरे. साखळी कोरडी पुसून एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडा, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा, नाहीतर सकाळी मुरमाची धूळ त्यावरच बसेल. दोन्ही टायर बोटाने फिरवत काटे चाचपा, हवा मोजा, आणि सीलंट कमी वाटलं तर निघण्याआधीच भरा.